तर्रीचं रक्त

बारा वर्षांपूर्वी, एका शनिवारी दुपारी, दीडदोनशे माणसांच्या समोर मी एका माणसाच्या डोळ्यात कोल्हापुरी तर्री घातली. तो किंचाळायला लागला तेव्हा त्याचं डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं. आणि टाळ्या पडल्या तेव्हा उठून वाकून नमस्कार केला. त्या माणसाला डोळा एकच होता आणि ते मला चांगलं माहीत होतं.

एवढं एका दमात लिहून टाकलं की बरं वाटतं. आता सावकाश सांगते.

मी तेव्हा साठीची होते. साठीला बायकांना अक्कल येते असं म्हणतात, पण माझी कुठल्या तरी विमानतळावर सामानाबरोबर फिरत राहिली असावी. नवरा गेल्यावर मी मुलाकडे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आले ती नातीला सांभाळायला. नात शाळेत जायला लागली, मुलगा-सून ऑफिसला, आणि घरात मी आणि फ्रिजची घरघर. मुलगा म्हणायचा, आई, भजनी मंडळ जॉइन कर. मी एकदा गेले. माझा आवाज ऐकून त्यांनीच पुन्हा बोलावलं नाही.

मग एका रविवारी आम्ही सगळे जवळच्या एका जुन्या शेतावर गेलो. अडीचशे वर्षांपूर्वीचं शेत, तसंच राखलेलं. तिथे हौशी माणसं त्या काळचे कपडे घालून त्या काळासारखी राहून दाखवतात. लोहार घोड्याचा नाल ठोकतो, सुतार रंधा मारतो, आणि एक बाई उघड्या चुलाण्यावर रस्सा करत होती. करत होती म्हणजे ओल्या लाकडावर फुंकर मारून रडत होती. मी कोल्हापूरच्या अलीकडच्या एका खेड्यात चुलीपुढे वाढलेली. मला ते बघवेना. मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली, दोरी ओलांडून आत गेले, लाकडं उपसली, खाली हवा खेळती केली आणि जाळ धरला. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. पुढच्या वर्षी तो खरंच झाला.

ती मंडळी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांविरुद्ध उठलेल्या पलटणीचा तळ उभा करायची. मुलानं काळजीनं विचारलं, आई, हे लोक नक्की कोणाच्या बाजूचे? इंग्रजांना मारायचंय एवढं कळल्यावर मी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. आमच्या आजोबांनी चळवळीत लाठ्या खाल्ल्या होत्या. त्याचं उट्टं त्यांच्या नातीनं, म्हणजे मी, न्यू जर्सीत काढलं तर काय बिघडलं?

तळावर बायका असायच्या, पूर्वी खरोखरच असत. कपडे धुणाऱ्या, रांधणाऱ्या, जखमींपाशी बसणाऱ्या. त्यांची प्रमुख एक किडकिडीत गोरी बाई होती, तिला मी मनातल्या मनात टाकेवाली म्हणायचे. नवीन माणूस आला की ही त्याच्या झग्याची कड उलटून चष्मा लावून टाके बघायची. मशीनची शिवण सापडली तर तो झगा घालून तळावर उभं राहायचं नाही. मी आठ महिने बसून सगळं हातानं शिवलं. आतला कुडता, दोन घेरदार परकर, वरचा झगा, टोपी. शाळेत शिवणाच्या बाईंनी हातावर पट्ट्या मारून शिकवलेली हेमटीप अशी कामी आली की टाकेवालीनं माझी कड तीनदा उलटून पाहिली आणि काही न बोलता खाली सोडली. तिच्या तोंडून ती स्तुतीच. घरी येऊन मी चार दिवस ताठ मानेनं भांडी घासली.

पण खरं सांगायचं तर मला शिवणाची हौस नव्हती. मला मारामारीची हौस होती.

लहानपणी जत्रेत बकरं पडायचं तेव्हा इतर पोरी तोंड फिरवायच्या आणि मी पुढे सरकायचे. वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, त्यामुळे ऊसतोडीत तुटलेली बोटं, बैलानं फाडलेली मांडी, कोयत्याचे घाव हे सगळं मी बोट धरून पाहिलेलं. आणि इथे दर महिन्याला एक लढाई. तीस बंदुका एकदम वाजल्या की छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी तुटल्यासारखं व्हायचं. धूर इतका की शेजारचा माणूस दिसू नये. मग धुरातून इंग्रजांचे लाल डगले बाहेर यायचे, संगिनी पुढे करून. बार पोकळ असायचे आणि लाल डगल्यांतले निम्मे बँकेत नोकरीला होते, पण माहिती सांगणारा गृहस्थ खरं खरं सांगायचा. संगिनीला तीन कडा, त्यामुळे जखम त्रिकोणी, आणि त्रिकोणी जखम मिटता मिटत नाही. पडलेल्या माणसांनी दया मागितली तरी त्यांना भोसकलं गेलं, ह्याच शेताच्या मागच्या बागेत. ऐकताना लोकांच्या हातातले लिंबू-सरबताचे पेले थांबायचे. मी दर वेळी तितक्याच आवडीनं ऐकायचे. भजनी मंडळात हे कुठलं मिळायला!

म्हणून मला जखमींच्या तंबूत घेतलं तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखं झालं.

तंबूत एक फळ्यांचं टेबल. त्यावर दर शनिवारी दुपारी दोनला एका सैनिकाचा पाय कापायचा. सर्जन होता एक निवृत्त दातांचा डॉक्टर, गुबगुबीत, गोड बोलणारा, आयुष्यभर लोकांनी ज्याच्यापुढे तोंड वासलं असा. त्याच्याकडे जुन्या घडणीची हत्यारं होती. वाकडी सुरी, बारीक दातांची करवत, शिरा ओढून धरायचा आकडा, मांडी आवळायचा पितळी स्क्रू. आणि जखमी होता एक पन्नाशीचा, उंच, अबोल माणूस. हार्डवेअरच्या दुकानात किल्ल्या बनवायचा. तो खरोखरच सैनिक होता, म्हणजे आत्ताच्या काळातला. कुठल्या तरी वाळवंटातल्या रस्त्यावर त्याची गाडी उडाली होती आणि पत्र्याच्या एका तुकड्यानं डावा डोळा नेला होता. काचेचा डोळा बसवलेला. हे त्यानंच मला एकदा रस्सा खाताना सांगितलं, वाडगा पुढे करत, आणखी थोडा वाढा म्हणावं तितक्या सहज.

युक्ती अशी. टेबलाच्या दोन फळ्यांमध्ये फट. जखमी आपला खरा पाय गुडघ्यात वाकवून त्या फटीतून खाली सोडायचा आणि वर एक खोटा पाय जोडायचा. खोटा पाय करायचं काम माझं. हलाल दुकानातून मी बोकडाची नळी आणि मांडीचं मांस आणायचे. दुकानदार विचारायचा, करी के लिए, आंटी? मी म्हणायचे, नाही, करवतीनं कापायला. तो पुढचं विचारायचा नाही. ते मांस सुती मोज्यात भरायचं, आत रक्ताचा रबरी फुगा ठेवायचा. सर्जन सुरी फिरवताना फुगा दाबायचा आणि रक्ताची चिळकांडी खालच्या घमेल्यात जायची. दोन सैनिक जखमीचे हात धरायचे. माझी जागा डोक्याशी. त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून मी बसायचे. त्याच्या दातांत चामड्याचा पट्टा.

आता नियम. लढाईत कोणी खरोखर जखमी झालं तर त्यानं टोपी काढून वर धरायची, की सगळं थांबतं. पण टेबलावरच्या माणसाच्या डोक्यावर टोपी नसते. त्यानं हातानं तीनदा फळी थोपटायची. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

आणि ह्या सगळ्यात मी, साठीची दिग्दर्शिका, काय म्हणत होते? त्या शनिवारी सकाळी मी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की आपल्या जखमीचं ओरडणं फार शहाण्यासारखं आहे. जरा गच्च धरा त्याला. हात सुटताच कामा नयेत. मग बघा कसा ओरडतो.

धरणाऱ्यांनी माझं ऐकलं.

रक्ताचं म्हणाल तर, आधीचं रक्त साखरेच्या पाकाचं होतं, लाल रंग घातलेलं. दिसायचं सरबतासारखं, आणि उन्हाळ्यात त्यावर गांधीलमाश्या यायच्या. आदल्या शनिवारी एक माशी सर्जनच्या अंगठ्याला डसली आणि ऐन रंगात आलेली करवत त्यानं टाकून दिली. अंगठा चोखणारा सर्जन बघून लोक हसले. मला ते फार लागलं. घरी येऊन मी विचार केला, की ज्याला माशी बसत नाही आणि जे रक्तासारखं लकाकतं असं लाल काय? उत्तर माझ्या फडताळात होतं. बहिणीनं पाठवलेला कांदा-लसूण मसाला, घरचा, उन्हाळ्यात कांडलेला. तेल कडकडीत तापवलं, खाली उतरवून त्यात मसाला सोडला, आणि मटणाच्या रश्श्यावर जी लालभडक तर्री येते तसली वाटीभर तर्री तयार केली. मलमलच्या फडक्यातून गाळली. बाटलीत भरून उन्हात धरली तर अंगावर काटा आला. असलं रक्त त्या शेतावर अडीचशे वर्षांत सांडलं नसेल.

ती तिखट आहे हे काय मला कळत नव्हतं? कळत होतं. पण पायाला कुठे तिखट लागतं, असा माझा हिशेब. आणि पाय तरी कोणाचा, बोकडाचा.

दोन वाजले. उन्हं तापलेली. सर्जननं पितळी स्क्रू आवळला, लोकांना सांगितलं की तीन मिनिटांत पाय वेगळा झाला नाही तर माणूस जातो, आणि सुरी गोल फिरवली. मांस उघडलं. मग त्यानं फुगा दाबला. फुग्यावर तेल आलेलं, त्याची बोटं तेलकट, फुगा साबणासारखा सटकून उलटा फिरला. चिळकांडी घमेल्यात गेली नाही. ती टेबलाच्या लांबीनं वर आली आणि जखमीच्या तोंडावर, उघड्या डोळ्यावर फुटली.

क्षणभर काही नाही. मग तो ओरडला.

तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता असं म्हणता येणार नाही. वडिलांच्या दवाखान्यात ऐकला होता. पण तेव्हा मला काय वाटलं? मला वाटलं, वा! सकाळचं माझं ऐकलं यानं. पट्ट्याच्या आडून तो काहीतरी म्हणत होता, शब्द नव्हतेच, नुसता गुरगुराट. हात सोडवायला बघत होता, आणि त्या दोन सैनिकांनी माझ्या सूचनेप्रमाणे मनगटं फळीवर गाडली होती. डोकं इकडून तिकडे आपटायला बघत होता, आणि ते मी धरलं होतं. कोल्हापूरचे हात आहेत. पाण्याच्या घागरी वाहिलेले. त्याला मान हलवता आली नाही. पहिल्या रांगेतल्या बायकांना ठसका लागला, दोघीजणी डोळे पुसायला लागल्या. मला वाटलं, रडताहेत. माझ्या कामाला आलेलं यश म्हणून मी आणखी थोडं दाबलं.

मग फटीतून त्याचा खरा पाय वर आला. जखमीला तीन पाय झाले आणि लोक हसले. सर्जन दातांत पुटपुटला की पाय खाली घे. पाय हवेत लाथा झाडत राहिला. करवत घाईघाईनं हाडावरून दोनदा फिरली, खोटा पाय बादलीत पडला. टाळ्या. आणि मी उठून, पदर नसलेल्या झग्याचा पदर सावरत, नमस्कार केला.

सैनिकांनी हात सोडले त्याच क्षणी तो उठून बसला आणि वळून त्यानं मला मारलं.

बघून नाही मारलं. त्याला दिसतच नव्हतं. मूठ नुसती मागे आली आणि माझ्या नाकाच्या मधोमध बसली. नारळ फुटावा तसा कडाड आवाज मला आतून ऐकू आला. मी मागे तंबूच्या खांबावर आपटले. खांबाबरोबर अर्धा तंबू खाली आला. तो टेबलावरून उतरून भेलकांडत होता. सर्जन धरायला गेला, तर त्याच्या कानशिलात एक बसली आणि तो हत्यारांच्या पेटीवर पडला. लोकांच्या टाळ्या थांबत नव्हत्या. माझ्या नाकातून धार लागली होती, पांढऱ्याशुभ्र, हातानं शिवलेल्या रुमालावर. मला आठवतं, इतकं होऊनही माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की खरं रक्त एवढं लाल नसतंच.

दुसरा विचार आला तेव्हा तो फळी थोपटत होता. गुडघ्यावर बसून, धक्काबुक्कीत उलट्या पडलेल्या टेबलाची फळी हातानं चाचपून शोधली आणि थोपटली. एक, दोन, तीन. थांबला, परत एक, दोन, तीन.

मी टोपी काढून वर धरली. त्या दिवसातलं माझं एवढं एकच काम बरोबर.

कुणीतरी त्याच्या तोंडावर बादलीभर पाणी ओतलं. तेलावर पाणी. तर्री पापणीच्या कडेनं आणखी आत सरकली आणि तो जमिनीवर आडवा होऊन मातीत तोंड खुपसायला लागला. मी लोणी काढायच्या रवीपाशी धावत जाऊन दुधाचा घडा घेऊन आले, तो टाकेवालीनं माझ्या हातातून हिसकावून घेतला. ती म्हणाली, तू त्याला हात लावायचा नाहीस. बरोबरच होतं.

इमर्जन्सीत आम्ही तिघं गेलो ते तसेच. मी अठराव्या शतकात, छातीवर रक्त. सर्जन कातडी एप्रनमध्ये, कान लाल, कमरेला करवत तशीच लटकलेली. दारावरच्या सुरक्षारक्षकानं आधी ती करवत काढून घेतली, मग आत सोडलं. जखमीला पडद्याआड नेलं. पापणी ताणून आत प्लास्टिकची वाटी बसवून पाणी सोडतात, एकामागून एक पिशव्या. पडद्याच्या अलीकडे खुर्चीवर मी नाकात बोळे घालून बसले होते आणि आतून तोच आवाज येत होता, टेबलावरचा. आता टाळ्या नव्हत्या म्हणून नीट ऐकू येत होता. मी कानांवर हात ठेवले. मग हात काढले. मी केलेलं मी ऐकायला पाहिजे असं काहीतरी डोक्यात आलं.

डॉक्टर बाई तरुण होती. म्हणाली, डोळ्याच्या वरचा पापुद्रा भाजून निघालाय आणि वर माती गेलीय. एरवी हा पापुद्रा लवकर भरून येतो. पण जंतू धरले तर डाग पडेल. दोन डोळे असते तर मी एवढी काळजी केली नसती. तिनं डोळा बांधून टाकला. मंगळवारी सोडायचा. तोपर्यंत काही सांगता येत नाही.

म्हणजे तीन दिवस तो पूर्ण आंधळा, माझ्यामुळे.

मुलगा न्यायला आला. घराच्या ड्राइव्ह-वेमध्ये गाडी बंद करून म्हणाला, "आई, तू शेजारच्या काकूंसारखं झुम्बा का करत नाहीस?" त्या काकूंनी संध्याकाळी फोनवर, मी काही सांगायच्या आत, ऐकवलं की आमचा नागपूरचा सावजी मसाला असता तर पाय आपोआप गळून पडला असता. बायका भारीच प्रेमळ.

रविवारी सकाळी मी मऊ खिचडी केली, तूप घालून, मिरचीचा वास नसलेली, आणि मुलाला म्हटलं मला त्याच्याकडे सोड. तो एकटाच राहायचा, दुकानाच्या मागच्या गल्लीत. दार उघडलं ते भिंत चाचपत. मी नाव सांगितलं तसा दोन पावलं मागे सरला. भीती त्याच्या खांद्यांत दिसली, तोंडावर तर पट्टीच होती. ओट्यावर पाव, पावाजवळ सुरी, आणि सुरीवर रक्त. आंधळेपणानं पाव कापताना अंगठा चिरलेला, त्याला पत्ताच नव्हता. मी सुरी उचलली तसा त्या आवाजानं तो ताठ झाला. मी म्हटलं, सुरी माझ्याकडे आहे, मी ती सिंकमध्ये ठेवतेय, ऐक आवाज. ठेवली, खण्ण वाजली. मग तो बसला.

खिचडी खाताना त्यानं विचारलं की त्या रक्तात काय होतं. मी खरं ते सगळं सांगितलं, लसूण-खोबऱ्यापासून फडक्यातून गाळण्यापर्यंत. त्यानं घास गिळला. म्हणाला, गाळलंत ते बरं केलंत.

सोमवारी ताक घेऊन परत गेले. त्या दिवशी त्याला बोलावंसं वाटलं, डोळे बांधलेल्या माणसाला वाटतं तसं. गाडी उडाली तेव्हा तो ओरडला नव्हता म्हणे. पुढे बसलेल्याचं धड सीटवर होतं आणि बाकीचं नव्हतं, आणि ह्याच्या तोंडात वाळू आणि कुणाचे तरी दात. त्याला वाटलं आपलेच आहेत. आपले सगळे जागेवर होते. रस्त्यावर ओढून काढलं तेव्हा कुणीतरी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं, हेलिकॉप्टर येईपर्यंत सोडलं नाही. कोण ते त्याला दिसलं नाही आणि नंतर सापडलं नाही. तळवे खरबरीत होते एवढं माहीत. शनिवारच्या खेळात आपण येतो ते ओरडायला नाही, असं तो म्हणाला. तेवढंच सांगून म्हणाला, ताक आहे का आणखी?

मी माझ्या हातांकडे बघितलं. घागरीचे हात. ज्यांना मी आणखी दाबायला सांगितलं होतं ते हात.

त्या रात्री टाकेवालीचा फोन आला. मला जखमींच्या तंबूतून काढलं होतं. पाहिजे तर धुण्याच्या घाटावर राहा, आणि डोळ्याचं वाईट झालं तर तेही नको, असं तिनं सभ्यपणे सांगितलं. मी म्हटलं, डोळ्याचं वाईट झालं तर मी झगाच जाळेन. ती म्हणाली, झगा जाळू नकोस, टाके चांगले आहेत. मी फोन ठेवून झगा पिशवीत भरला. रुमालावरचं रक्त धुतलं नाही.

मंगळवारी मी त्याच्याबरोबर गेले. त्यानं बोलावलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. डॉक्टर बाईनं खोलीतला दिवा मंद केला, पट्टी एकेक वेढा करून सोडली, कापूस काढला. पापणी सुजून जांभळी, कडेला पिवळा चिकटा. तिनं ओल्या बोळ्यानं पुसलं. म्हणाली, सावकाश उघडा.

तो उघडेना. हात मांडीवर, मुठी वळलेल्या, आणि मी त्या मुठींपासून हातभर लांब सरकून बसले होते. माझ्या नाकावर अजून टाका होता. घड्याळाचा आवाज येत होता. मग पापणी फाटल्यासारखी उघडली आणि आतून पाण्याची धार लागली. लाल भडक डोळा. तो भिंतीकडे बघत राहिला. तिथे अक्षरांचा तक्ता होता, पण तो अक्षरांकडे बघतोय का नुसत्याच भिंतीकडे, हे कळेना. डॉक्टर बाईनं बोटं वर केली. तो खिडकीकडे वळला. परत तक्त्याकडे. मला वाटलं, गेला. मी मनातल्या मनात गावच्या देवीला बोकड बोलले, आणि लगेच आठवलं की बोकडामुळेच तर हे सगळं झालं.

तेव्हा तो माझ्याकडे वळला. बराच वेळ वळलेलाच राहिला, धार गालावरून हनुवटीवर, हनुवटीवरून शर्टावर. मी श्वास घेतला नाही, नाकानं तसाही घेता येत नव्हता. मग तो बोलला. बोलला इंग्रजीत, मी शब्दाला शब्द मराठीत उतरवते:

"मॅम, तुमचं नाक डावीकडे गेलंय. शनिवारी माझं डोकं धरायला तुम्हीच या, मी सांगतो त्यांना. फक्त हात धुऊन या."